मावशी, तेवढा पाचोळा राहू द्या

पारवे ४१, कावळे ६, साळुंक्या २, घार १ (वरून गेली).

चौकाची ही पहिली मोजणी माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर आहे. सकाळी सात ते सव्वासात. खाली माझ्याच अक्षरात लिहिलंय, "बस्स?"

मी लोकांचे हिशेब लिहून देते, घरूनच. टेबल तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीला लागून आहे आणि खिडकी थेट चौकावर उघडते. त्यामुळे कुणाची गाडी कुणाला घासली, कोण कुणाशी किती वेळ भांडलं, याची माझ्याकडे नोंद पक्की. पक्ष्यांची मोजणी ही त्याच खोडीची पुढची पायरी. पंधरा मिनिटं एका जागी बसायचं, आणि प्रत्येक जातीचे एका वेळी जास्तीत जास्त जेवढे दिसले तो आकडा लिहायचा. फेब्रुवारीत चार दिवस जगभर अशी मोजणी होते. १९९८ साली ती उत्तर अमेरिकेत सुरू झाली आणि २०१३ पासून सगळ्या जगासाठी खुली झाली. तिथला पंधरा मिनिटांचा हिशेब मी उचलला, कारण चहाच्या एका कपाला साधारण तेवढाच वेळ लागतो.

चौक म्हणजे चार रस्ते आणि मधे एक मोठा गोल. गोलाला लोखंडी कठडा, आत दोन बाकं, एक जुना करंज आणि मधोमध कोरडं कारंजं. ते चालू असताना आपण पाहिलंय असं सांगणारी दोन-तीन माणसं आहेत. माझा विश्वास नाही.

बाग करायची हे आधी कुणी म्हटलं यावर अजून वाद आहे. खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणतात त्यांनी, मी म्हणते मी. आम्ही सहा जण होतो. आता कधी चार असतो, कधी अकरा. परवानगीची गोष्ट लांबलचक आणि कंटाळवाणी आहे, ती सोडते. अर्ज, मग पुन्हा अर्ज, आणि शेवटी तोंडी, "करा, पण आम्हाला विचारलं होतं असं कुठे बोलू नका."

पहिल्या रविवारी कुदळ मारली आणि ठण्ण आवाज आला. वर वीतभर माती, खाली सगळा राडारोडा. विटांचे तुकडे, फरशा, डांबराची ढेकळं आणि दोन चपला, दोन्ही डाव्या. मी वहिनींना सांगत होते की न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली लिझ ख्रिस्ती नावाच्या बाईंनी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी रस्त्याच्या कोपऱ्यावरची अशीच कचऱ्यानं भरलेली मोकळी जागा साफ करून बाग केली, ती आजही आहे. वहिनी घाम पुसत म्हणाल्या, "त्यांना उजव्या सापडल्या असतील." शेवटी खणायचा नाद सोडला. राडारोड्यावरच विटांचे गुडघाभर उंच वाफे बांधले आणि त्यात माती भरली.

आणि मग आम्ही एकामागून एक चुका केल्या. सगळ्या प्रेमानं.

पहिली चूक घरट्यांच्या पेट्यांची. छोटीच्या बाबांकडे ड्रिल मशीन आहे. ज्याच्याकडे ड्रिल असतं तो उत्साही असतोच. (छोटी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला आता छोटी म्हटलेलं आवडत नाही, पण सवय जात नाही.) त्यांनी आठ पेट्या केल्या, आतून-बाहेरून लाल-पिवळ्या रंगवल्या, पक्ष्याला बसायला म्हणून भोकाखाली एक-एक दांडी ठोकली आणि करंजाच्या पश्चिमेकडच्या फांद्यांना लटकवल्या. दुपारी तीनला पेटीत हात घालून बघितला तर चटका. भोकं दोन इंचांची, कारण त्यांच्याकडचं भोक पाडायचं पातं तेवढंच होतं. चिमणीला ३२ मिलिमीटरचं भोक पुरतं. आमच्या दोन इंची भोकातून एका पेटीत साळुंक्या शिरल्या आणि बाकी सात रिकाम्या राहिल्या. दांडीचा उपयोग एकदाच झालेला मी पाहिला. कावळा तिच्यावर बसून आरामात आत डोकावत होता. ढोलीत राहणाऱ्या पक्ष्याला उंबऱ्याशी दांडी लागत नाही, तो भोकाच्या कडेलाच नखं रोवतो. ती लागते त्याच्या शत्रूला. पेट्या उतरवल्या, दांड्या काढल्या, भोकांवर लहान भोकाच्या पट्ट्या ठोकल्या, आतला रंग खरवडला आणि सावलीच्या बाजूला परत टांगल्या. चिमण्यांचं पुढे सांगते.

दुसरी चूक दाण्यांची, आणि ती आमच्याआधीपासून चालत आली होती.

काका रोज साडेसहाला येतात. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी. कारंज्याच्या कठड्यावर ज्वारी ओतली की चारही बाजूंच्या इमारतींवरून पारवे असे कोसळतात की क्षणभर रस्ता दिसत नाही. त्यांचा हा नेम बावीस वर्षांचा आहे. आम्ही बाग सुरू केली तेव्हा त्यांना मनापासून वाटलं की आपल्याला सोबत मिळाली, आणि आम्हीही पहिले दोन महिने त्यांच्याबरोबर दाणे टाकले. म्हटलं, पारवे खातायत तर बाकीचेही येतील.

बाकीचे आले नाहीत. वहीतला पारव्यांचा आकडा मात्र ४१ वरून ६८ वर गेला. कोवळी रोपं तुडवली गेली, बाकं पांढरी झाली, आणि छोटीच्या आजीला, ज्यांना आधीच दम्याचा त्रास आहे, डॉक्टरांनी चौकात बसायला मनाई केली. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीनं काही जणांच्या फुप्फुसांना ॲलर्जीचा चिवट आजार होतो, हे तोवर मी नुसतं ऐकून होते.

काकांशी बोलायला मी गेले, कारण बाकी सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी माहिती काढून गेले होते. लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात दाणे विकणाऱ्याचा परवाना २००१ मध्ये संपला आणि २००३ मध्ये तिथे पारव्यांना खायला घालायलाच बंदी आली. व्हेनिसच्या सेंट मार्क चौकात २००८ मध्ये तेच झालं.

"म्हणजे तिकडच्या लोकांनाही काही कामं नाहीत," काका म्हणाले. आणि मग थोडं थांबून, "ती मला ओळखतात गं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. कारण खरंच ओळखतात. काका रस्त्याच्या पलीकडे दिसले तरी गच्चीवर हालचाल सुरू होते.

पण दाण्यांनी पारवेच का वाढतात, हे मला पुढच्या उन्हाळ्यात कळलं, तेही एका बुलबुलामुळे. कठड्याजवळच्या कामिनीच्या झुडपात लालबुड्या बुलबुलांचं घरटं झालं. माझ्या खिडकीतून दुर्बिणीनं बरोबर दिसायचं, तीन उघड्या चोची. एका सकाळी काम बाजूला सारून मी तासभर फेऱ्या मोजल्या. दोघांच्या मिळून एकोणीस झाल्या. प्रत्येक फेरीला चोचीत काहीतरी वळवळणारं, नाहीतर पंख असलेलं, दोनदा फळाचा तुकडा. दाणा एकदाही नाही. आणि एकोणीसच्या एकोणीस फेऱ्या रस्ता ओलांडून पलीकडच्या जुन्या वाड्याच्या पडक्या अंगणात. आमच्या वाफ्यात, जिथे आम्ही रविवारची झोप घालवून राबत होतो, तिथून त्यांनी एकही किडा उचलला नाही. तीन हातांवर वाफा, आणि ते बापडे बुलबुल ट्रकांच्या मधून पलीकडे जात होते.

मग वाचायला बसले. पारवा पिलांना त्याच्या गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं काहीतरी भरवतो, नर आणि मादी दोघंही. स्वतः दाणे खाल्ले की पिलांची सोय झाली. मूळचा तो कड्याकपारीतला पक्षी. इमारती म्हणजे त्याला कडेच. म्हणून ज्वारीची एक पिशवी त्याला बाराही महिने पुरते. चिमणीचं तसं नाही. ती स्वतः दाणे खाते, पण पिलाला, विशेषतः पहिले काही दिवस, किडेच लागतात. फुलातला मध पिणारा शिंजीरसुद्धा पिलांना किडे आणि कोळी भरवतो. अमेरिकेत चिकडी म्हणून चिमणीपेक्षाही लहान पक्षी आहे. त्याला पिलांचं एक वेत वाढवायला सहा ते नऊ हजार सुरवंट लागतात असं तिथल्या अभ्यासकांनी मोजलंय. एका वेताला! मी आकड्यांत राहणारी बाई आहे, आणि हा आकडा मी तीनदा वाचला.

आता आमच्या वाफ्यात काय होतं? क्रोटन, सोनेरी ड्युरांटा, अॅकॅलिफा, रोपवाटिकेतली सगळी रंगीत मंडळी. दूरदेशांतून आलेली, इथल्या किड्यांना फारशी न रुचणारी. "याला कीड लागत नाही" असं सांगून विकलेली. आणि जे काही लागत होतं, त्यावर वहिनी दर शनिवारी मिरची-लसणाचं पाणी आणि निंबोळीचं तेल फवारत होत्या. आम्ही पक्ष्यांसाठी बाग केली आणि त्यांचं जेवण दर आठवड्याला स्वतःच मारलं. चिकडीवरच्याच २०१८ च्या एका अभ्यासात निघालंय की परिसरातल्या झाडोऱ्यात देशी झाडं ७० टक्क्यांच्या खाली गेली की त्यांची पिलं पुरेशी जगत नाहीत. आमच्या वाफ्यात देशी म्हणजे एक तुळस होती.

वहिनींना हे सांगणं काकांना सांगण्यापेक्षा अवघड गेलं. पंधरा दिवस बोलल्या नाहीत. मग एका शनिवारी खाली उतरल्या आणि मला म्हणाल्या, "काय लावायचंय ते बोल, लेक्चर नको."

कढीपत्ता, रुई, अडुळसा, निरगुडी, कठड्याच्या कडेनं मेंदी आणि एक भोकर लावलं. ड्युरांटा एका कडेला ठेवला, कारण त्याच्या फुलांवर फुलपाखरं येतात आणि वहिनींचा त्यावर जीव आहे. सगळ्या बाबतीत शुद्धतेचा आग्रह धरला की माणसं निघून जातात.

कढीपत्त्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात लिंबाळी फुलपाखरानं अंडी घातली. मोहरीपेक्षा लहान, पिवळसर, एकेका कोवळ्या पानावर एकेक. त्यातून निघालेला सुरवंट काळपट-पांढरा, ओला, हुबेहूब पक्ष्याच्या शिटासारखा. छोटी म्हणाली, "हे तर कुणीतरी शी केलीय." तोच त्याचा डाव असतो. मोठा झाला की कात टाकून हिरवा होतो, आणि बोट लावलं तर डोक्यामागून लाल दुबेळकं काढून उग्र वास सोडतो. छोटीनं अकरा मोजले, अकरांना नावं दिली. दुसऱ्या दिवशी सात होते. चौथ्या दिवशी दोन. ती रडकुंडीला आलेली असतानाच पानांत सळसळ झाली आणि शेपूट ताठ उभी केलेला अंगठ्याएवढा हिरवट पक्षी, शिंपी, फांदीच्या खालून उलटा लटकून वर आला, चोचीत एक सुरवंट. फांदीवर दोनदा आपटला, गिळला आणि गेला.

"त्यानं मोनूला खाल्लं," छोटी म्हणाली.

मी काही बोलले नाही. दोनांपैकी एकाचं फुलपाखरू झालं. ते तिनं शाळेला दांडी मारून पाहिलं, आणि त्या दांडीबद्दल तिच्या आईनं मला अजून माफ केलेलं नाही.

आता पाचोळा.

चौक झाडायला मावशी येतात, पहाटे पाचला. त्यांचा खराटा करंजाखालून फिरला की जमीन पाटीसारखी कोरी होते, वर खराट्याच्या सुबक रेघा. मला ते दिसायला आवडायचं, खोटं कशाला बोलू. पण पाचोळ्याखाली किडे, गांडुळं, गोमा असतात, बरेच सुरवंट जमिनीत किंवा वाळक्या पानातच कोष करतात, आणि ते सगळं रोज पहाटे पोत्यात भरून जात होतं. आम्ही वर सुरवंट वाढवत होतो आणि खालून त्यांना कचरागाडीत घालत होतो.

मी म्हटलं, "मावशी, झाडाखालचा तेवढा पाचोळा राहू द्या ना."

"आणि साहेबानं विचारलं तर?"

"आम्ही सांगू."

"तुम्ही सांगाल हो. फोटो मला काढून पाठवायचा असतो." मोबाइल काढून त्यांनी मला दाखवलं. रोज झाडण्याआधीचा एक फोटो आणि नंतरचा एक. नंतरच्या फोटोत पान दिसलं की बोलणी. मागे एकदा वाऱ्यानं पानं पडली, तर अर्ध्या दिवसाचा पगार कापला होता. मी पक्ष्यांसाठी जो मोठेपणा करत होते त्याचे पैसे त्यांच्या पगारातून जाणार होते, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तो विषय मी तिथेच मिटला असं समजले.

तीन-चार दिवसांनी मावशींनीच खालून हाक मारली. करंजाच्या बुंध्याभोवती फुटलेल्या फरशांचे तुकडे (आमच्याच राडारोड्यातले) उभे रोवून त्यांनी एक गोल केला होता, साधारण दोन हात रुंदीचा, आणि सगळा पाचोळा त्यात ढकलला होता. गोलाबाहेर जमीन कोरी, रेघांसकट. "आता हा कचरा नाही," त्या म्हणाल्या, "ही बाग आहे. फोटोत बघ." खरंच, फोटोत ते मुद्दाम केलेलं दिसत होतं. साहेबांनी विचारलंसुद्धा नाही. पुढे मी वाचलं की जोआन नासॉअर नावाच्या एका अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९९५ मध्ये नेमकं हेच लिहून ठेवलंय, की अस्ताव्यस्त दिसणाऱ्या रानाला नीटनेटकी चौकट दिली की लोक ते चालवून घेतात. मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या बाई झाडायला होत्या का कुठे?"

त्या गोलात पहिल्यांदा दयाळ उतरला. काळा-पांढरा, ऐटबाज, दोन उड्या मारून मान तिरकी करून ऐकल्यासारखं करणारा. आणि एका सकाळी सातभाई आले. सहाच होते. आल्या आल्या पानं डोक्यावरून मागे फेकायला लागले, फरशीबाहेर, झाडलेल्या भागात, सगळीकडे. मावशी खराटा टेकवून कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "हे तर माझ्या सुनेसारखं झालं," एवढंच म्हणाल्या.

पाण्याचं थोडक्यात सांगते. कुंडीखाली ठेवतात तशी मातीची पसरट बशी, कडेला जेमतेम इंचभर पाणी, मधे दोन इंच, बूड न टेकणाऱ्यासाठी एक दगड. झुडपाला चिकटून ठेवायची नाही, मांजर दबा धरतं. चार-पाच हात मोकळी जागा हवी. रोज ओतून, घासून नवं पाणी भरायचं, कारण घाण बशीतून पक्ष्यांचे आजार एकमेकांना लागतात. समोरच्या इमारतीतल्या एका ताईंनी डासांची तक्रार केली आणि ती रास्त होती. उबदार हवेत डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. पाणी रोज बदललं की तो प्रश्नच येत नाही. "रोज" हा शब्द मात्र सहा जणांच्या गटात किती फसवा असतो ते मी पाळ्यांच्या तक्त्यावरून दाखवू शकते. पहिल्या महिन्यात तीसपैकी नऊ दिवस बशी कोरडी होती. मग काकांनी पाळी कायमची स्वतःकडे घेतली. साडेसहाला ते येतातच. ज्वारीच्या पिशवीच्या जागी घासणी आली, निदान दिसायला तरी.

करंजाच्या एका वाळलेल्या फांदीवरूनही बरंच झालं. छाटणीवाले ती मुळापासून तोडणार होते, आणि खाली बाक असल्यामुळे त्यांचं बरोबर होतं. आम्ही बाक हलवला आणि फांदीचं हातभर खोड ठेवून घेतलं. तांबट वाळक्या लाकडातच भोक कोरतो. गेल्या वर्षी एकानं सुरुवात केली, अर्ध्या इंचावर सोडून गेला. का, ते तोच जाणे.

आता जी गोष्ट सांगायला मला आवडत नाही ती.

भोकराचं झाड छातीएवढं झालं होतं. त्याची दोन पानं एकमेकांकडे जरा जास्तच कललेली वाटली म्हणून वाकून बघितलं. शिंप्यानं ती शिवली होती. आत रुईच्या म्हाताऱ्यांचा पांढरा कापूस (आम्ही लावलेल्या रुईचा!) आणि त्यावर तीन अंडी, निळसर, तांबूस ठिपक्यांची. चौकात, ट्रकच्या हॉर्नपासून दहा पावलांवर. मला इतका आनंद झाला की मी फोटो काढला आणि आमच्या बागेच्या ग्रुपवर टाकला.

ग्रुपवर तेव्हा छप्पन माणसं होती. रविवारी सकाळी आठ-दहा जण भोकराभोवती उभे होते. सगळे चांगले लोक, हळू आवाजात बोलणारे. एकानं उजेड नीट यावा म्हणून वरचं पान धरून ठेवलं, दुसऱ्यानं फोटो काढला. शिंपीण समोरच्या तारेवर होती. एवढासा जीव, पण "टुविट टुविट टुविट" असा सारखा ओरडत होता की मला तिसऱ्या मजल्यावर खिडकी बंद करूनही ऐकू येत होतं. मी खाली गेले, लोकांना पांगवलं. संध्याकाळी आणखी चार जण आले. मंगळवारी आवाज थांबला. मला वाटलं, चला, शांत झाली.

दोन आठवडे मी तिकडे फिरकले नाही. मग बघितलं तर अंडी तशीच, थंड.

पानं सुकून गळायच्या बेतात आली तेव्हा घरटं काढून आणलं. वहिनी शिवणकाम करतात. त्यांनी चष्मा सारून ते भिंगाखाली बराच वेळ पाहिलं. "हा धावता टाका नाही," म्हणाल्या. "प्रत्येक भोकाला वेगळा धागा आहे. आतून ओढून घेतलाय आणि बाहेर टोक पिंजून फुगवलंय, म्हणजे सुटत नाही." मोजली, दोन्ही पानांवर मिळून चोवीस भोकं. काही धागे कोळ्याच्या जाळ्याचे, काही सालीच्या तंतूंचे, आणि एक चक्क निळा, सिंथेटिक, बहुतेक कुठल्या तरी बॅनरच्या दोरीचा. मेक्सिको सिटीत चिमण्या घरट्यात सिगारेटची थोटकं आणून घालतात आणि त्यामुळे घरट्यातल्या गोचिडीसारख्या किडी कमी होतात, असं २०१२ मध्ये तिथल्या संशोधकांना आढळलं होतं. शहरात जे मिळेल ते. ते घरटं माझ्या टेबलावर आहे, हिशेबाच्या फायलींच्या वरच्या कप्प्यात.

तेव्हापासून ग्रुपवर घरट्याचा फोटो बंद. पिलं उडून गेल्याशिवाय घरटं कुठे आहे ते कुणालाही सांगायचं नाही. मलाही नाही, असं छोटी म्हणते, आणि ती पाळते. मागच्या महिन्यात तिला काहीतरी सापडलंय एवढं मला तिच्या चालण्यावरून कळलं. विचारलं नाही.

हे काकांच्या कानावर गेलंच. "माझ्या कबुतरांना फोटोचं काही वाटत नाही," ते म्हणाले.

दयाळ हल्ली पहाटे चारला गायला लागतो. चौकातल्या मोठ्या दिव्याचा झोत सरळ करंजावर आहे, त्यामुळे त्याची सकाळ लवकर होत असावी. किंवा गाड्या सुरू व्हायच्या आत गाऊन घेत असेल. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात जिथे दिवसा गोंगाट जास्त तिथले रॉबिन पक्षी रात्री गातात असं २००७ मध्ये आढळलं होतं. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात गोंगाटातले ग्रेट टिट नावाचे पक्षी वरच्या पट्टीत गातात, हे २००३ चं. आमचा दयाळ पट्टी चढवतो का ते मला कळत नाही, गाण्यातलं मला काही कळत नाही. चारला जाग येते एवढं खरं. दिव्याला वरून टोपी बसवावी म्हणून अर्ज दिलाय. पुन्हा अर्ज दिलाय.

परवाची मोजणी, सकाळी सात ते सव्वासात. पारवे २३, कावळे ५, साळुंक्या ४, बुलबुल ३, शिंजीर २ (अडुळशावर), दयाळ १, शिंपी १ (फक्त आवाज), होला १. चिमण्या शून्य. पेट्यांची भोकं बत्तीसची करून चार वर्षं झाली. छोटीचे बाबा दर वर्षी एकदा त्या उतरवून झाडतात आणि परत टांगतात. पलीकडचा पडका वाडा आता पाडलाय, तिथे पत्रे लागलेत. बुलबुल तिकडे जात नाहीत. आमच्याकडेच भागवतात की दुसरीकडे जातात, ते खिडकीतून दिसत नाही, म्हणून या उन्हाळ्यात खाली बाकावर बसून मोजायचं ठरवलंय.

पहिल्या दिवशी बसले. काका बशी घासत होते. घासून झाली, पाणी भरलं, दगड मधोमध ठेवला, दोन पावलं मागे सरून बघितलं, दगड जरा डावीकडे सरकवला. मग बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसले. सदऱ्याचा उजवा खिसा फुगलेला होता आणि कारंज्याच्या कठड्यावर नऊ पारवे ओळीनं त्या खिशाकडे बघत होते. काका माझ्याकडे बघत होते.

मी वहीत मान घातली. पारव्यांचा आकडा त्या दिवशी जरा अंदाजानंच लिहिला.